छोट्या खाण कंपनीचा महागाई-समायोजित सरासरी नफा कसा काढायचा? (उदाहरण : मॉयल)

वैनगंगा (प्रश्न)

खाण कंपनीचा एका वर्षाचा पी/ई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे ते) बघून काहीच कळत नाही. धातूचा भाव चढलेला असतो तेव्हा नफा फुगतो आणि शेअर स्वस्त दिसतो, भाव पडला की तोच शेअर महाग दिसतो. म्हणून दहा वर्षांचे नफे आजच्या रुपयांत आणून त्यांची सरासरी घ्यायची, म्हणजे शिलर पी/ईची रीत एकाच शेअरला लावायची, असा प्रयत्न आहे. नमुन्याला मॉयल ही सरकारी खाण कंपनी घेतली आहे. मुख्यालय नागपूर, खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांत, माल मुख्यतः एकच, मँगनीज. त्यामुळे हिशेब सुटसुटीत होईल असं वाटतं.

निव्वळ नफा (कोटी रुपये, पूर्णांकात), पुढे ग्राहक किंमत निर्देशांकाची आर्थिक वर्षाची सरासरी (२०१२ = १००), आणि शेवटी २०२४-२५ च्या रुपयांत आणलेला नफा :

२०१५-१६ : १७३ / १२४.७ / २६७
२०१६-१७ : ३०६ / १३०.३ / ४५२
२०१७-१८ : ४२२ / १३५.० / ६०२
२०१८-१९ : ४७४ / १३९.६ / ६५४
२०१९-२० : २४८ / १४६.३ / ३२६
२०२०-२१ : १७७ / १५५.३ / २२०
२०२१-२२ : ३७७ / १६३.८ / ४४३
२०२२-२३ : २५१ / १७४.७ / २७७
२०२३-२४ : २९३ / १८४.१ / ३०७
२०२४-२५ : ३८२ / १९२.६ / ३८२

साधी सरासरी ३१० कोटी, समायोजित सरासरी ३९३ कोटी. आज शेअर २०.३५ कोटी आहेत, म्हणजे शेअरमागे १९.३ रुपये. आकडेमोडीपुरता भाव ३५० धरला तर १८ पट.

अडतंय ते इथे : एकूण नफ्याला आजच्या शेअरसंख्येने भागावं की त्या त्या वर्षीचा ईपीएस (त्या वर्षीच्या शेअरसंख्येवर शेअरमागे पडलेला नफा) घ्यावा? दोन्हींत बराच फरक पडतो. दुसरं, ग्राहक किंमत निर्देशांक बरोबर की घाऊक? आयकराचा कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स चालेल का? तो एका तक्त्यात आयता मिळतो. आणि खाणीला १८ पट म्हणजे स्वस्त की महाग, हे कशावरून ठरवायचं?

ताळेबंद

निर्देशांकाचं आधी. तुम्ही वर्षाची सरासरी घेतली ते योग्य केलंत. बरेच जण मार्चचा आकडा घेतात. नफा वर्षभर पसरलेला असतो, त्यामुळे मार्चने भागलं तर जुना नफा साधारण अर्ध्या वर्षाच्या महागाईइतका कमी फुगतो. कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स अजिबात घेऊ नका. तो महागाईच्या फक्त ७५ टक्के वाढ धरतो. २०१५-१६ चा २५४ आणि २०२४-२५ चा ३६३, म्हणजे गुणक १.४३. तुमच्या तक्त्यातला खरा गुणक १.५४ आहे. घाऊक निर्देशांक कंपनीच्या खर्चाचा अंदाज घ्यायला ठीक, पण इथे प्रश्न मालकाच्या रुपयाच्या क्रयशक्तीचा आहे, म्हणून ग्राहक निर्देशांकच. २०११ च्या मागे जायचं असेल तर ग्राहक निर्देशांकाची एकत्रित (ग्रामीण अधिक शहरी) मालिका मिळत नाही. तिथे औद्योगिक कामगारांचा निर्देशांक जोडावा लागतो, आणि त्याच्या २००१ आणि २०१६ या पायाभूत वर्षांमधला जोडगुणक २.८८ आहे. पाया बदलला आणि गुणक लावायचा राहिला, की सगळी सरासरी कोसळते. अंतिम उत्तर आजच्या महिन्यात आणायचं असेल तर ताज्या निर्देशांकाला (२०१२ = १०० याच पायावर आणून) १९२.६ ने भागून एकदाच गुणा.

आता शेअरसंख्या. २०१० च्या आयपीओच्या वेळी १६.८ कोटी शेअर होते. २०१७ मध्ये एकास एक बोनस (एका शेअरवर एक फुकट), म्हणजे तुलनेसाठी ३३.६ कोटी. आज २०.३५ कोटी. मधले सगळे बायबॅकमध्ये (कंपनीने स्वतःचे शेअर परत विकत घेऊन रद्द करण्यात) गेले, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के. त्यामुळे २०१५-१६ चा नफा त्या वेळच्या (बोनस धरून) शेअरांवर ५.१५ रुपये पडतो आणि आजच्या संख्येवर ८.५ रुपये.

या दोन्हींपैकी कुठलाही आकडा जसाच्या तसा वापरू नका. बायबॅकला गेलेली रोकड तोपर्यंत बँकेत होती, आणि तिचं व्याज त्या वर्षांच्या नफ्यात आहे. आजच्या शेअरधारकाला खाण तीच मिळते, पण ती ठेव मिळत नाही. एकूण नफ्याला आजच्या संख्येने भागलं, की गेलेल्या ठेवीचं व्याज उरलेल्या शेअरांवर चढतं. म्हणून प्रत्येक वर्षाच्या नफ्यातून ‘इतर उत्पन्न’ करोत्तर वजा करा, राहिलेल्या खाणीच्या नफ्याची सरासरी काढून ती आजच्या शेअरसंख्येने भागा, आणि आजची रोकड वेगळी मोजून शेवटी मिळवा. याला आणखी एक कारण आहे. महागाई ५ टक्के असताना ७ टक्क्यांची ठेव प्रत्यक्षात २ टक्केच कमावते, आणि तुमच्या सरासरीत ते व्याज पूर्ण कमाई म्हणून मोजलं गेलंय.

उलट प्रकारची छोटी कंपनी, म्हणजे प्रेफरेन्शियल इश्यू काढून (निवडक गुंतवणूकदारांना नवे शेअर विकून) नवी खाण घेणारी, असेल तर त्या त्या वर्षीचा ईपीएसच घ्यावा. तिथे जुन्या नफ्याला आजच्या वाढलेल्या संख्येने भागणं अन्यायाचं ठरतं, कारण नव्या शेअरांच्या पैशातून आलेली खाण जुन्या नफ्यात नाहीच.

कराचा फरक विसरू नका. २०१९-२० पासून आयकर कायद्याच्या ११५बीएए कलमाखाली २५.१७ टक्क्यांचा पर्याय आला, त्याआधी दर ३४.९ टक्क्यांच्या आसपास होता. कंपनीने तो पर्याय कधी घेतला ते कराच्या टिपणीत पाहा आणि आधीच्या वर्षांच्या निव्वळ नफ्याला १.१५ ने गुणा (०.७४८३ ÷ ०.६५०६). तुमच्या पहिल्या चार वर्षांना हे लावलं तर सरासरी ३९३ वरून ४२३ कोटींवर जाते. तोट्याची वर्षं मात्र वगळायची नाहीत. अपवादात्मक बाबींचंही तसंच : खाण बंद पडल्याची भरपाई, जुन्या रॉयल्टीची मागणी यांना ‘एकदाच’ म्हणून काढून टाकण्याआधी दहा वर्षांत त्या किती वेळा आल्या ते मोजा. तीनदा आल्या असतील तर तो नेहमीचाच खर्च आहे.

शाफ्ट

ताळेबंद यांनी हिशेब नीट लावला, पण त्या सरासरीखाली काय दडलंय ते बघणं जास्त गरजेचं आहे. पहिल्या पाच वर्षांची समायोजित सरासरी ४६० कोटी, शेवटच्या पाच वर्षांची ३२६. ३९३ हा आकडा या दोघांच्या मधला आहे आणि तिथे कंपनी आज उभी नाही. सरासरीची पद्धत गृहीत धरते की नफा एका पातळीभोवती वरखाली होतो. पातळीच सरकली असेल तर पद्धत फसते.

खाणीसाठी टनामागचा नफा काढा. मॉयलचं उत्पादन २०१७-१८ मध्ये १२.०१ लाख टन, २०१८-१९ मध्ये १३.०१, २०२३-२४ मध्ये १७.५६ आणि २०२४-२५ मध्ये १८.०२ लाख टन. समायोजित नफा त्यावर वाटला तर टनामागे सुमारे ५,०१०, ५,०३०, १,७५० आणि २,१२० रुपये पडतात. उत्पादन दीडपट झालं आणि टनामागची खरी कमाई निम्म्याखाली आली. आधीच्या वर्षांत ठेवींचं व्याज जास्त होतं, ते काढलं की दरी थोडी अरुंद होईल. कराची दुरुस्ती लावली की परत रुंद होईल. दिशा बदलत नाही.

त्यामुळे जुन्या सरासरी टन-नफ्याला आजच्या टनांनी गुणून ‘सामान्य नफा’ काढायचा जो मोह होतो, तो इथे टाळा. ५,००० गुणिले १८ लाख म्हणजे ९०० कोटी. हा आकडा कागदावर सुंदर दिसतो, पण या दहा वर्षांत कंपनीने असा नफा कधी मिळवलेला नाही. वाढीव टन कुठल्या प्रतीचे आहेत ते बघा. उच्च प्रतीचा लंप (मोठे तुकडे) आणि कमी प्रतीचा फाइन्स (बारीक चुरा) यांच्या भावात मोठी तफावत असते, वार्षिक अहवालातलं ‘लाख टन’ दोघांना सारखंच मोजतं. शिवाय डोंगरी बुजुर्गसारखी उघडी खाण आणि बालाघाटची खोल भूमिगत खाण यांचा टनामागचा खर्च वेगळा असतो. भूमिगत खाणीत मजुरी, वाळूभरण आणि पाणी उपसणं हे भाव पडला म्हणून थांबत नाही.

मँगनीजच्या भावाची वर्षंही तपासा. ४४ टक्के प्रतीच्या धातुकाचा भाव चीनच्या बंदरात कोरड्या टनातल्या एक टक्का मँगनीजमागे डॉलरमध्ये बोलला जातो. २०१६ च्या सुरुवातीला तो दोन डॉलरच्या आसपास होता आणि त्याच वर्षअखेर नऊच्या आसपास गेला. मार्च २०२४ मध्ये मेगन चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंडवरच्या जेम्को खाणीचा धक्का मोडला आणि भाव पुन्हा उसळला. म्हणजे तुमच्या खिडकीचं (निवडलेल्या दहा वर्षांचं) पहिलं वर्ष तळाचं आहे आणि शेवटच्या वर्षात पहिले काही महिने वादळाचा फायदा आहे. खिडकी वर्षांनी न मोजता भावाच्या चक्रांनी मोजा : निदान दोन तळ आणि दोन शिखरं आत यायला हवीत. मॉयलला दहा वर्षं पुरतात, क्रोमाइट किंवा बॉक्साइटच्या एखाद्या कंपनीला पुरतीलच असं नाही.

घसाऱ्यावर एकच सांगतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी खणलेल्या शाफ्टचा (भूमिगत खाणीत उतरायच्या उभ्या विवराचा) घसारा त्या वेळच्या रुपयांत लागतो, नवा शाफ्ट आजच्या रुपयांत. नफा महागाईने फुगवताना घसाराही फुगवला नाही तर कमाई जास्त दिसते. सोपी वाट म्हणजे दहा वर्षांचा घसारा आणि दहा वर्षांचा भांडवली खर्च, दोन्ही आजच्या रुपयांत आणून शेजारी ठेवणं. खर्च जास्त असेल तर फरकातला निदान निम्मा भाग सरासरीतून वजा करा. उरलेला खऱ्या विस्ताराचा धरू.

वैनगंगा

टनामागचा हिशेब लावल्यावर चित्र पार बदललं. म्हणजे पुढच्या गणिताला शेवटच्या पाच वर्षांचे ३२६ कोटी धरून त्यातून व्याज काढायचं ना? आणि पट किती?

सातबारा

हो, तेच धरा. पटीच्या बाबतीत मात्र बाजाराच्या पी/ईशी तुलना करू नका. साबणाची कंपनी चालत राहते असं मानून तिला पट लावतात, खाण रिकामी होते. म्हणून साठा आणि लीज यांवरून आयुष्य ठरवा आणि तेवढ्याच वर्षांच्या कमाईची आजची किंमत काढा. नफा आधीच महागाई काढून घेतलेला असल्यामुळे व्याजदरही महागाई वगळूनच हवा. नाममात्र १३ टक्के लावला तर महागाई दोनदा कापली जाते. ही चूक फार दिसते.

महागाई वगळून ८ टक्के धरला तर १० वर्षांच्या खाणीला ६.७ पट, १५ वर्षांना ८.६, २० वर्षांना ९.८, ३० वर्षांना ११.३ आणि कधीच न संपणाऱ्या धंद्याला १२.५ पट येते. दहा वर्षांचा साठा उरलेली कंपनी ८ पटीला मिळतेय म्हणून स्वस्त नाही, हे यावरून दिसेल. आयुष्य ठरवताना ‘रिसोर्स’चा (जमिनीत असल्याचा अंदाज) आकडा घेऊ नका, ‘रिझर्व्ह’चा (त्यातला परवडेल असा काढता येणारा भाग) घ्या, आणि तो सध्याच्या उत्पादनाने भागा. जुन्या, कमी उत्पादनाने भागलं की आयुष्य लांबतं.

लीजची तारीख साठ्याइतकीच महत्त्वाची. गोव्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून परत बंद. जमिनीत लोहखनिज होतं, पण खणायचा हक्क नव्हता. अशा कंपनीच्या दहा वर्षांच्या सरासरीत शून्य वर्षं आणि तेजीची वर्षं मिसळतात आणि जो आकडा येतो तो कुठल्याच वर्षाचा नसतो. तिथे सरासरी सोडा आणि ‘लीज आहे’ व ‘लीज नाही’ अशी दोन मूल्यं काढा. सरकारी कंपनीला लीज वाढवून मिळणं सोपं, पण २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी जादा रक्कम लागू शकते. कुठल्या लीजला किती, ते वार्षिक अहवालात शोधा.

राज्यांच्या कराचंही बघा. २५ जुलै २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने रॉयल्टी हा कर नाही आणि राज्यं खनिजहक्कांवर कर लावू शकतात असं ठरवलं. १४ ऑगस्टच्या आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनच्या मागण्यांना वाट मोकळी केली आणि वसुली १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत पसरवली. जुन्या नफ्यात हा भार नाही. संभाव्य दायित्वांच्या टिपणीत मागणीचा आकडा असेल तर तो मूल्यातून थेट वजा करा. जिल्हा खनिज प्रतिष्ठान या खाणबाधित भागांसाठीच्या निधीचा वाटा (जुन्या लीजवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या लीजवर १० टक्के) २०१५ पासूनचा, म्हणून तुमच्या खिडकीत बहुतेक सगळा आलाय. खिडकी मागे वाढवलीत तर तिथे तो हाताने कापावा लागेल.

आता तुमचं गणित. समजा रोकड १,००० कोटी आणि तिचं करोत्तर व्याज ५२ कोटी (खरे आकडे ताळेबंदातून घाला). खाणीची कमाई ३२६ − ५२ = २७४ कोटी. ३० वर्षांच्या आयुष्याने ११.३ पट, म्हणजे सुमारे ३,१०० कोटी, अधिक रोकड १,०००, भागिले २०.३५. शेअरमागे २०० रुपयांच्या आसपास.

३५० भाव चुकीचा आहे असं यावरून लगेच म्हणू नका. उलटं गणित करा. ३५० ला बाजारमूल्य ७,१२२ कोटी. रोकड वजा करून ११.३ ने भागलं की वर्षाला सुमारे ५४० कोटींची खरी कमाई लागते. टनामागे २,००० रुपये धरले तर २७ लाख टन, तेही आजपासून. ते टन पाच वर्षांनी येणार असतील तर आकडा आणखी वर जातो, आणि नव्या शाफ्टचा खर्च त्यातून वेगळा वजा होतो. टन तेच राहिले, तर टनामागे ३,००० हवेत. दर तिमाहीच्या निकालात हे दोनच आकडे तपासत राहा : टन किती वाढले, आणि व्याज वगळून टनामागे किती उरले.