ट्रॅक्टरचं पाणी जातं कुठे? – अनुभव धागा

नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे, मृगाला पंधरा दिवसही उरले नाहीत आणि आमचा १९८९ चा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर रोज लिटरभर पाणी पितोय. आम्ही इंदुरात राहतो, शेत हातोदजवळ. बाबा होते तोवर रोज सकाळी रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घालून बघायचे. आता ते काम माझ्याकडे आलंय. जमिनीवर थेंब दिसत नाही, ऑइलही वरून स्वच्छ दिसतं. मिस्त्री म्हणतात, इंजिनच खोलून टाकू. खोलण्याआधी मला तुमचे अनुभव हवेत. मालव्यात असे जुने ट्रॅक्टर अजून कितीतरी घरांत आहेत. तुमच्याकडे पाणी कसं कमी व्हायचं, गळती शेवटी कुठे निघाली आणि ती कशी ओळखली, सगळं सविस्तर लिहा.

सांवेरहून

ताई, जमीन कोरडी आहे म्हणून बाहेरची गळती नाही असं समजू नका. आमच्याकडे दोन वर्षं हाच घोळ चालला. रेडिएटर दोनदा झाळून आणला, होज पाइप नवे घातले, तरी पाणी कमी ते कमीच. खरी गळती वॉटर बॉडीची, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाची होती. तिच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आधीच्या कुणीतरी त्या भोकात लांबी (पुट्टी) भरून ठेवली होती! सुईने ती टोकरून काढली तसं गंजाच्या रंगाचं पाणी थेंब थेंब येऊ लागलं. तोवर बेअरिंग खरखरायला लागलं होतं. भोक उघडं असलं तरी पंख्याचा वारा थेंब उडवतो आणि तापलेल्या ब्लॉकवर तो वाळून जातो. मागे राहतो फक्त पांढरट ओघळ. ब्लॉक पुसून कोरडा करा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि तासभर चालवा. ओघळ स्वतःच जागा दाखवतो.

राऊहून

आमचं रेडिएटरचं झाकण खराब होतं, बाकी काहीच नाही. बटाट्याची ट्रॉली घेऊन चोइथराम मंडीला जाताना चढावर वाफ निघायची. झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी उशिरा उकळतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. नवं झाकण घेताना जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याच दाबाचं घ्या.

गरम असताना ते उघडू नका. माझ्या धाकट्या भावाचा हात कोपरापर्यंत भाजला आहे, म्हणून हात जोडून सांगतो.

इंदूर, परदेशीपुऱ्यातून

मी चाळीस वर्षं इंजिनं उघडली. बेटा, खोलायची घाई करू नकोस. आधी एक रात्र दे.

इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडाला दाब देणारा हातपंप बसव आणि झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब दे. सकाळी काटा उतरलेला असेल तर पाणी कुठूनतरी गेलंच. बाहेर ओल नसेल तर चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट अगदी हळू सैल कर. पाणी जड असतं, ते रात्रभरात तळाशी बसतं आणि ऑइलच्या आधी तेच येतं. वरून पट्टी बघून ऑइल चांगलं दिसत असलं तरी खाली पाणी असू शकतं. शंका असेल तर त्या ऑइलचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाक. पाणी असेल तर तडतडेल.

चेंबरमध्ये पाणी निघालं आणि तुझ्या इंजिनात ओले लाइनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या, ज्यांना बाहेरून थेट पाणी लागतं) असतील, तर संशय खालच्या रबर रिंगांवर. चेंबर उतरवून पुन्हा दाब दे आणि खालून बॅटरीने बघ, कोणता लाइनर गळतो ते दिसतं.

चेंबरमध्ये पाणी नाही निघालं तर गास्केट, म्हणजे हेड (सिलिंडरांवरचा भाग) आणि ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील, तपास. पंख्याचा पट्टा उतरव, रेडिएटर काठोकाठ भर, थंड इंजिन मिनिटभर चालव. बुडबुडे थांबतच नसतील तर सिलिंडरची हवा पाण्यात शिरते आहे. मग तिन्ही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढ, डिझेल बंद ठेव आणि इंजिन फिरव. ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर. नोझल काढल्याशिवाय सेल्फ (स्टार्टर) मारू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

महूहून

डिसेंबरात ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला आणि ऑइलमध्ये पाणी शिरलं असं समजून आम्ही हेड उतरवायला निघालो होतो. शेजारच्या काकांनी थांबवलं. ट्रॅक्टर रोज दहा मिनिटं गोठ्यापर्यंत जायचा, इंजिन पुरतं तापायचंच नाही आणि आतली दमटी तिथे जमायची. दिवसभर नांगरटीला लावला, थर गेला. पाण्याची पातळी मात्र तेव्हाही जागची हलली नव्हती, ते आधीच बघायला हवं होतं.

देपालपूरहून

गळती थांबवायला कुणीही रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितलं तर ऐकू नका. आम्ही ऐकलं. थेंब थांबला, पण आधीच बोअरच्या खारट पाण्याने अरुंद झालेल्या रेडिएटरच्या नळ्या आणखी बुजल्या. सोयाबीनच्या पेरणीत इंजिन तापलं आणि घाबरून आम्ही त्यावर गार पाणी ओतलं. हेडला चीर गेली. माझ्या वडिलांनी त्या ट्रॅक्टरवर माझ्या दोन बहिणींची लग्नं केली होती, ती चीर बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

कूलंट काढाल ते उघड्यावर ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

पुन्हा हातोदहून

परदेशीपुऱ्याचे काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. सकाळी काटा निम्म्यावर आला होता. चेंबरचा नट सैल केला तर पहिल्या थेंबापासून ऑइलच. मग पट्टा उतरवून इंजिन चालवलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी भाताला आधण यावं तसे बुडबुडे आले. नोझल काढून फिरवलं, तिसऱ्या भोकातून पाण्याचा फवारा छतापर्यंत गेला.

हेड उतरवलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. पहिल्या दोन पिस्टनवर काजळी होती, तिसरा घासून ठेवल्यासारखा लख्ख. मिस्त्री म्हणाले, वाफेने धुतला गेलाय. त्याच्या कडेला, पाण्याच्या भोकाजवळ, गास्केट बोटभर खाल्लं गेलं होतं. लाइनर शाबूत आहेत. पूर्ण इंजिन खोलायची गरज नाही, हे आता मिस्त्रीही मान्य करतात. हेड प्लेन करायला लेथवर दिलंय, परवा मिळेल. बसवल्यावर इंजिन एकदा तापवून, थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा कसायचे आहेत. सांवेरच्या दादांमुळे वॉटर बॉडीचं भोकही सुईने साफ केलं, ते कोरडं आहे. झाकण नवं आणलंय.