मदत हवी आहे: रोजची बचत आधी कुठल्या कर्जात घालू?

नमस्कार मंडळी. सासऱ्यांच्या ऑपरेशनचा खर्च क्रेडिट कार्डावर गेला, त्यातले ७० हजार अजून बाकी आहेत. शिवाय सासूबाईंच्या पाटल्या बँकेत तारण आहेत.

दोघांचा पगार बेताचा, म्हणून रोजच्या खर्चालाच हात घातलाय. दोघंही डबा नेतो, किराणा महिन्याचा एकदम भरतो, मंडईत दिवेलागणीनंतर जाते. तेव्हा मेथीची जुडी निम्म्या भावात मिळते, फक्त त्याच रात्री निवडून ठेवावी लागते. जे वाचेल ते झोपण्याआधी डाळीच्या डब्यामागच्या बरणीत टाकते. पाकिटात राहिलं की संपलंच. असे महिन्याला तीनेक हजार जमतात.

आता अडचण अशी. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. किमान रक्कम नेमाने भरते, पण मुद्दल हलतच नाही. सोन्याचं व्याज त्यामानाने खूप कमी. तरी सासूबाईंचा जीव पाटल्यांत अडकलाय आणि त्यांचं ते रिकाम्या हातांकडे बघणं मला सहन होत नाही. त्या म्हणतात, भिशी लाव. मला वाटतं, बरणीतले पैसे दर आठवड्याला कार्डातच भरावेत, कारण व्याज रोजच्या थकबाकीवर चढतं.

माझं बरोबर आहे का? आणि कार्डाची थकबाकी कुणी बँकेशी बोलून हप्त्यांत करून घेतली आहे का? व्याज किती लागलं, प्रोसेसिंग फी किती कापली? कृपया अनुभव सांगा.