मदत हवी आहे: पट्टी सोडली की आवाज सुरू, दाबली की बंद (ॲनालॉग सिंथ + कीस्टेप)

कोमलगंधार
मंडळी, जरा लवकर सांगा. सिंथला (सिंथेसायझर) बाहेरून कीस्टेप (आर्टुरियाचा छोटा कीबोर्ड) जोडलाय. पट्टी दाबली की आवाज बंद होतो आणि सोडली की सुरू होतो. सूरही जागेवर नाहीत. याच साखळीत ड्रम मशीन पण आणायचंय. केबल बदलून पाहिली, फरक शून्य. शनिवारी वाजवायचं आहे.

वायरमन
सिंथ कुठला? ड्रम मशीन कुठलं? वायर कुठल्या भोकातून कुठल्या भोकात गेलीय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कोमलगंधार
कॉर्ग एमएस-२०. कीस्टेपच्या पिच (सुराचं व्होल्टेज) आणि गेट (पट्टी दाबल्याचा इशारा) या जॅकमधून थेट सिंथच्या पॅनलवर.

सदाशिव३०
सीव्ही-गेटच्या (व्होल्टेजने सूर कळवायच्या) भानगडीत पडताच कशाला? एमएस-२० मिनीच्या (नव्या छोट्या आवृत्तीच्या) पाठीमागे मिडी इन आहे (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सूर-ताल आकड्यांत कळवायची पद्धत). कीस्टेपच्या मिडी आउटमधून पाच पिनची केबल टाका, चॅनल १ ठेवा, विषय संपला. माझ्याकडे हीच जोडणी आहे, काही त्रास नाही.

कोमलगंधार
मिनी नाही हो. जुना आहे, १९७८ मध्ये आला तो. मामांच्या एका स्नेह्यांचा. मिडी वगैरे काही नाही त्याला.

वायरमन
हे आधी सांगायचं ना! मिडी आलं १९८३ मध्ये. आणि जुन्याचे जॅक ६.३५ मिमीचे, कीस्टेपचे ३.५ चे. मध्ये अडॅप्टर लावलाय का? स्टिरिओ की मोनो?

ऑर्केस्ट्रा_सांगली
एवढा खटाटोप करण्यापेक्षा ऑक्टोपॅड घ्या. आम्ही लग्नाचे, गणपतीचे कार्यक्रम त्यावरच काढतो. एक माणूस, एक स्टँड, काम फत्ते.

वायरमन
दादा, त्यांना ऑक्टोपॅड नकोय, हातातला सिंथ चालवायचाय.

म्हापशेकर
कोमलगंधार, एक तपासून सांग. खालचा सा धर आणि एकेक सप्तक वर जात सा च दाबत जा. पुढच्या सा ला सा मिळतो, पण त्याच्या पुढच्याला पंचम वाजतो का? आणि त्याच्याही पुढे नुसता मध्यमाएवढाच चढतो का?

कोमलगंधार
अगदी हेच!! पहिल्या सप्तकात सा ला सा मिळतो, मधले सूर मात्र सगळे चढे. वर गेलं की पंचम. तुम्हाला कसं कळलं?

म्हापशेकर
कारण कीस्टेप एक भाषा बोलतोय आणि एमएस-२० दुसरी ऐकतोय. बहुतेक सिंथ व्होल्ट-पर-ऑक्टेव्हवर चालतात, म्हणजे दर सप्तकाला एक व्होल्ट वाढतो: १, २, ३, ४. एमएस-२० हर्ट्झ-पर-व्होल्टवाला आहे. त्याला दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट लागतं: १, २, ४, ८. म्हणून १ वरून २ वर गेलास तर सप्तक बरोबर येतं. २ वरून ३ म्हणजे दीडपट, आणि दीडपट म्हणजे पंचम. ३ वरून ४ म्हणजे मध्यम. सिंथ बिघडलेला नाही, मिळालेलं व्होल्टेज तो इमानेइतबारे वाजवतोय.

गेटचंही तेच. कीस्टेप पट्टी दाबल्यावर व्होल्टेज वर नेतो. एमएस-२० ला एस-ट्रिग लागतं, म्हणजे ट्रिगर इन ग्राउंडला (शून्य व्होल्टला) टेकला की सूर सुरू. तुझा गेट मोकळा असताना शून्यावर बसतो, सिंथला वाटतं पट्टी दाबलेलीच आहे.

उपाय: कीस्टेप यूएसबीने संगणकाला लाव, आर्टुरियाचं मिडी कंट्रोल सेंटर उघड (फुकट आहे). सीव्हीच्या सेटिंगमध्ये हर्ट्झ-पर-व्होल्ट निवड, गेटला एस-ट्रिग. मग सिंथच्या मास्टर ट्यूनने सूर जुळवून घे.

नाईटशिफ्ट
संगणक नसला तरी चालतं. पिच एमएस-२० च्या टोटल जॅकमध्ये घाला आणि ऑसिलेटरकडचा एमजी/टी.एक्स्ट नॉब कानाने फिरवून सप्तक मिळवा. ते इनपुट घातांकी आहे (दर व्होल्टला सूर ठरावीक पटीने चढवतं), व्होल्ट-पर-ऑक्टेव्ह चालून जातं. मी वर्षानुवर्षं असंच करतो.

म्हापशेकर
चालतं, पण नॉबला नुसता हात लागला तरी सप्तक बिघडतं. शिवाय टोटलमध्ये जॅक गेला की एमजीचं (मॉड्युलेशन जनरेटरचं) व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर, तुटतं. मंचावर कानाने नॉब जुळवत बसणार का तो? आणि गेटचा प्रश्न तसाच राहतो तो राहतोच.

नाईटशिफ्ट
बेस लाइनला कोणाला कळतंय?

म्हापशेकर
बेस बेसूर असला की वरचं सगळंच बेसूर वाटतं.

सदाशिव३०
ड्रम मशीन जुनं असेल तर त्याच्या पाच पिनच्या जॅकला मिडी केबल लावा, क्लॉक (चालीचे ठोके) मिळेल.

वायरमन
असं सांगू नका, वाचणारे फसतील. ८०८ वरचा (रोलँडचं जुनं ड्रम मशीन) पाच पिनचा जॅक डिन सिंक आहे, मिडी नाही. दिसायला सारखाच, पण त्यात एका पिनवर चालू-बंद आणि दुसरीवर क्लॉकचे ठोके असतात. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी राग डिस्कोच्या तालावर वाजवले तेव्हा त्यांच्याकडे ८०८, टीबी-३०३ (बेस सिंथ) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) होते. तेव्हा मिडी बाजारात नव्हतंच. ८०८ आणि ३०३ एकत्र चालवायची म्हणजे डिन सिंकच.

ऑर्केस्ट्रा_सांगली
चरणजित सिंग तर फिल्मच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार वाजवायचे ना? त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

आशा_ठाणे
विषय वेगळा आहे, तरी सांगते. मागच्या पाटीवर किती व्होल्ट लिहिलंय ते आधी बघा. जपानमधून आलेला तुकडा १०० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० वर थेट लावलात तर ट्रान्सफॉर्मर जाईल.

कोमलगंधार
आशाताई, पाहिलं. २२० लिहिलंय.
म्हापशेकर, झालं! दोन्ही सेटिंग बदलली. तिन्ही सप्तकांत सा ला सा मिळतोय, पट्टी सोडली की शांत. आता ड्रम मशीन. सिंक केबल लावली तर कीस्टेपचा सीक्वेन्स (साठवलेली सुरावट) निम्म्या चालीने चालतो.

वायरमन
ड्रम मशीनचं नाव अजून सांगितलेलं नाही तुम्ही.

कोमलगंधार
व्होल्का बीट्स.

वायरमन
मग उघड आहे. व्होल्का एका मात्रेला दोनच ठोके देतो. तुमचा कीस्टेप दर ठोक्याला एक स्टेप (सुरावटीतली एक जागा) पुढे सरकतोय, आणि स्टेप लागतात मात्रेला चार. त्याच सॉफ्टवेअरमध्ये इनपुट क्लॉकला कॉर्गचा पर्याय निवडा. कीस्टेपच्या मागची स्विचं सिंक इनवर ठेवा, आणि टेंपो फक्त व्होल्कावरून बदला.

कोमलगंधार
बसलं! ठोक्याला ठोका. शनिवारी रेकॉर्ड झालं तर इथेच टाकतो.

नाईटशिफ्ट
टोटल जॅकही एकदा लावून बघाच.