प्रमाणपत्रापलीकडचं शिकणं
ऑनलाइन प्रशिक्षण म्हणजे व्हिडिओ पुढे ढकलून प्रमाणपत्र घेणं, असं या चर्चेत एका सरांनी लिहिलंय. २०२० मध्ये 'निष्ठा' हे शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-अ‍ॅपवर आलं तेव्हा असंही झालं, मान्य. पण नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे आमचा खरा आधार शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. पहिलीचं लेकरू घरी पावरी नाहीतर भिली बोलतं, पुस्तक प्रमाण मराठीत. मग कुणी पाठातली गोष्ट बोलीत रेकॉर्ड करून टाकतं, दुसरं कुणी ती वर्गात ऐकवून मुलं कुठे अडली ते कळवतं. हे कळवणं फार मोलाचं! पाड्यावर रेंज नसते, म्हणून 'दीक्षा'वरचे पाठ तालुक्याला गेलं की डाउनलोड करून ठेवायचे. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, शिक्षकांच्या बैठकीत, परिपत्रकं वाचण्याऐवजी अशा अनुभवांना अर्धा तास तरी द्या, ही कळकळीची मागणी.