मोफत तपासणीचे निमंत्रण आणि न आलेले पुरुष

धरमपेठकर : रविवारी आमच्या मंडळाने पन्नाशी-साठीतल्या पुरुषांसाठी प्रोस्टेट कर्करोगाची मोफत पीएसए तपासणी, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची मोजणी, ठेवली होती. घरोघरी पत्रे देऊनही निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तर्रीपोह्यांच्या गाडीवर तासभर ताटकळणाऱ्या नागपूरकराला रक्त द्यायला पाच मिनिटे नसतात. हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

मानेवाड्याचा वाचक : हे वाचून गप्प बसवले नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला याच तपासणीवर झालेल्या संशोधन-चाचणीत 50 ते 60 वयाच्या सुमारे 38,000 पुरुषांना निमंत्रणे गेली, तेव्हा 47 टक्केच आले. ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत तर निमंत्रितांपैकी सुमारे 36 टक्क्यांचीच तपासणी झाली. तेही तर्रीपोहे खात होते का? शिकलेला, बऱ्या कमाईचा आणि घरी बायको असलेला पुरुष अधिक येतो, एकटा राहणारा मागे पडतो, असे तिकडे वारंवार दिसले आहे. आपल्या खुर्च्यांवर पेन्शनर किती होते आणि ऑटोचालक किती?

धरमपेठकर : स्वीडनचे आकडे आम्हाला कशाला? शिबिर रविवारी होते, ऑटोचालकाला कोणी अडवले होते?

मानेवाड्याचा वाचक : रविवारची सकाळ ही त्याच्या धंद्याची वेळ असते, साहेब.

लक्ष्मीनगरच्या काकू : बायकोचा उल्लेख आपण ओझरता केलात, म्हणून लिहिते. आमच्या ह्यांचे पत्र फ्रिजवर चुंबकाखाली पडून होते आणि विचारले की उत्तर एकच, ‘बघू’. शेवटी आधार कार्ड आणि सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट पिशवीत घालून मीच त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेले. बायकोच्या मॅमोग्राफीसाठी किती नवरे अशी पिशवी भरतात, तेही एकदा मोजा.

प्रतापनगरचा विधुर : काकू, नवऱ्यांना झोडपा, पण ज्यांच्या घरी पिशवी भरणारे कोणी उरलेले नाही, त्यांनाही निष्काळजी म्हणायचे का? मंडळाला वर्गणीसाठी माझा फोन नंबर बरोबर सापडतो.

लक्ष्मीनगरच्या काकू : आपल्याबद्दल बोलले नव्हते. मात्र पत्नी असतानाही आपण स्वतःहून गेला असतात, असे सांगू नका.

मुद्दाम न गेलेला : मी विचार करून गेलो नाही. माझ्या मेहुण्यांचा पीएसए वाढला, बायोप्सी झाली, कर्करोग निघाला नाही. पण त्यानंतरच्या जंतुसंसर्गाने त्यांना रुग्णालयात राहावे लागले. युरोपातील मोठ्या चाचणीत 23 वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 456 निमंत्रितांमागे प्रोस्टेट कर्करोगाचा एक मृत्यू टळल्याचे दिसले. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने 2012 मध्ये तपासणी नकोच म्हटले, आणि 2018 मध्ये 55 ते 69 वयासाठी निर्णय डॉक्टरांशी बोलून ज्याचा त्याने घ्यावा, असे सांगितले. आपल्या पत्रात यातली एक ओळ तरी होती का? वाढलेल्या प्रोस्टेटसाठी देतात त्या फिनास्टेराइडच्या गोळीने पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. टेबलावर कोणी गोळ्यांची चौकशी केली का?

धरमपेठकर : एक मृत्यू टळला, तो आपल्या घरचा असता तर हे गणित मांडले असते का?

मुद्दाम न गेलेला : आणि बायोप्सीनंतरचा ताप आपल्या घरी आला असता तर?

धरमपेठकर : बरे, पुढच्या पत्रात 456 चा आकडा ठळक छापतो, वेळ संध्याकाळची ठेवतो आणि एकट्या राहणाऱ्यांना मी स्वतः फोन करतो. एवढे करून चारच माणसे आली, तर मात्र मला विचारायला येऊ नका.