दारू सोडायच्या गोळ्या वर्षभर घेणं परवडतं का?

नमस्कार, कोल्हापुरातनं लिहितेय. मिस्टरांनी दारू सोडून चार महिने झाले. डॉक्टरांनी अकॅम्प्रोसेट दिलीय, 333 ची, दोन सकाळी, दोन दुपारी, दोन रात्री, म्हणजे महिन्याला 180 गोळ्या आणि 1800 रुपये. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, पगार तेवढाच. सासूबाई म्हणतात सुटली की आता, कशाला पैसे घालायलीस, आणि डॉक्टर म्हणतात वर्षभर तरी घ्या. गेल्या महिन्यात मी दुपारच्या दोन डब्यात ठेवायच्या बंद केल्या, त्यांना म्हटलं डॉक्टरांनी कमी केल्यात. पुढचा विचार केला तर एवढा खर्च करावा का?

शिरोलीकर
ताई, आधी दुपारच्या दोन चालू करा. मी 3 वर्षं प्यायलेलो नाही. आधी रोजची क्वार्टर, चकणा, उधारी धरून महिन्याला 6000 तरी जायचे, त्याचा हिशोब घरात कुणी मागितलाच नाही, गोळ्यांचा मात्र सगळ्यांनी मागितला. मग स्वादुपिंडाला सूज आली, आठ दिवस आयसीयू, बायकोचं गंठण गहाण पडलं. त्या एका बिलात चार वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या. मला जास्त त्रास जोतिबाच्या यात्रेत झाला, जुने दोस्त भेटले आणि हात थरथरायला लागले, सुटून तेव्हा सात महिने झालेले.

औषधदुकानवाली
वहिनी, जर्मनीत 2000 साली आयुष्यभराच्या खर्चाचा हिशोब मांडला होता, लिव्हर, स्वादुपिंड, दवाखाना सगळं धरून, त्यात गोळीसकट उपचार स्वस्त पडला. पण गोळी सगळ्यांना लागू पडत नाही हेही खरं. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात साधारण 12 जणांना दिली की एक जण जास्तीचा दारूपासून लांब राहिला असं निघालं. वजन 60 किलोच्या आत असेल तर काही डॉक्टर दिवसाला चारच देतात, पण ते त्यांनी ठरवायचं, आणि किडनीची तपासणी करून घ्या. दारू सोडायची दुसरी गोळी नाल्ट्रेक्सोन, ती दिवसातनं एकच असते, पण लिव्हर बघावं लागतं आणि ट्रामाडोलसारख्या अफूच्या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्या चालत नाहीत. तिसरी डायसल्फिराम, ती सगळ्यात स्वस्त, पण ती तलफ कमी करत नाही, वर प्यायलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून चहात गुपचूप घालून कधीच देऊ नका, असं मागणारे आमच्याकडं येतात म्हणून सांगते. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार ओपीडीत एकदा विचारा, तिथं खर्च कमी होईल.

जुना मेंबर
गोळीबरोबर एएची, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस गटाची, मीटिंग धरा दादांना, तिथं फी नाही. नुसत्या गोळीवर माझा भाऊ दोनदा घसरलाय.

प्रश्न विचारणारी
सगळ्यांचे आभार. काल रात्री मिस्टरांना खरं सांगितलं. त्यांनी पट्ट्या आधीच मोजल्या होत्या, म्हणाले दुपारी भट्टीजवळ तोंड कोरडं पडतंय, मन तिकडंच जातंय, पण पैशाचं बघून गप बसलो. आज डब्याच्या झाकणात दोन गोळ्या ठेवल्यात. शनिवारी दोघं डॉक्टरांकडं जातोय, सासूबाईंनाही नेणार आहे.