मदत हवी आहे: निगेटिव्ह आणि जुने फोटो कशात ठेवू?

जुनी_पेटी: चिपळूणचं घर आवरतोय. माळ्यावर बाबांच्या निगेटिव्हची पत्र्याची पेटी सापडली, शिवाय चार अल्बम. रविवारी पुण्याला परत निघायचंय. कशात ठेवू ते पटकन सांगा. 'स्कॅन करा' कृपया सांगू नका, ते नंतर बघू.

लोलक: किती आहेत? कुठल्या मापाच्या? रंगीत की कृष्णधवल? बुरशी? काहीतरी सांगा की राव.

सुईदोरा: एवढं काय त्यात! रबरी कडेचा हवाबंद डबा, तळाशी सिलिका जेल. २००५ च्या पुरातून वाचलेल्या आमच्या निगेटिव्ह अजून अशाच आहेत. निळी जेल ओल धरली की गुलाबी होते, मग कढईत परतायची.

ठमाआत्या: निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं. त्याच कढईत फोडणी घालता का? केशरी आणा.

सुईदोरा: कढई वेगळी आहे हो आत्या.

दुपारचा_चहा: स्कॅनच करा. मी लाईटबॉक्सवर ठेवून मोबाईलने काढले, झकास आले.

जुनी_पेटी: नको म्हटलं ना! बहुतेक कृष्णधवल, आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेल्या, एका रोलमध्ये १२ वाल्या. थोड्या ३५ एमएमच्या रंगीत पट्ट्या. पेटीत डांबरगोळ्या आहेत. एका पाकिटाला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतोय, पण शेजारीच लोणच्याची बरणी होती.

लोलक: अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! लोणचं नव्हे, ॲसिटेट फिल्म, म्हणजे निगेटिव्हचं प्लॅस्टिकच कुजतंय. त्यातून निघणाऱ्या आम्लानेच कुजणं आणखी वाढतं आणि शेजारच्या निगेटिव्हनाही लागतं. ते पाकीट आजच बाजूला काढा. सुईदोरांचा डबा याला अजिबात नको, वाफ आतच कोंडेल. कागदी पाकिटात, हवेशीर आणि गार जागी ठेवा. आणि रागावू नका, पण एवढं एक पाकीट आधी स्कॅन करा. फिल्म आक्रसली की वरचा चित्राचा थर सुरकुततो, मग हाती काही लागत नाही. बाकीच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घालून डब्यात चालतील. पीव्हीसी नको. डांबरगोळ्या फेका.

दुपारचा_चहा: मी काय सांगत होतो?

सुईदोरा: वास येतो हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. माझा डबा बरोबरच आहे.

ठमाआत्या: अल्बमचं कुणी बोलतच नाही. काळ्या पानांचे, कोपरे लावलेले असतील तर हात लावू नका. चिकट पानांवर प्लॅस्टिक असलेले असतील तर त्यांतून फोटो काढायला हवेत. ओढू मात्र नका. आधी अख्ख्या पानाचा मोबाईलवर फोटो घ्या, मग दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू फिरवा. नावं लिहायची तर मागे मऊ शिसपेन्सिलने, बॉलपेनने नाही.

जुनी_पेटी: चिकट पानांचेच आहेत, चारही. हा दोरा चिपळुणात मिळेल?

नवशिक्या_६६: औषधाच्या दुकानात विचारा. बाय द वे, तो क्लिक थ्री विकणार का?